रत्नागिरी ते देवगड: आंबा, मासळी आणि शेजारच्या देशातलं मतदान

डिसेंबर 2025, शुक्रवार, रत्नागिरी

कोकणकन्येतून रत्नागिरीला उतरले तेव्हा उजाडायचं होतं आणि बाहेर दादा जीप घेऊन उभा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, आंब्याच्या बागा कराराने घेतो, रत्नागिरीपासून पार देवगडपर्यंत त्याची कलमं विखुरलेली आहेत, आणि दर डिसेंबरात मोहोर फुटायच्या सुमारास तो एक फेरी मारतो. कुठल्या बागेत किती गुरखे, म्हणजे बागेत राबणारे नेपाळी, पोचले, कोण अजून यायचाय, पंप चालू आहेत का, वानरांनी काय घाण केली वगैरे. यंदा मीच मागे लागले की मलाही ने. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत सिंहदरबार, म्हणजे नेपाळ सरकारचं मुख्यालय, जळताना आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितला आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता, "यंदा माणसं येतायत का नाय देव जाणे." तिकडे सरकार पडलं आणि इकडे गावखडीच्या बागेत फवारणी कोण करणार हा प्रश्न, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

चहा-घावणे झाले आणि थेट मिरकरवाडा. सकाळी सकाळी बंदरावर पाय ठेवायला जागा नसते, बर्फाचे तुकडे, डिझेलचा वास, टोपल्या घेऊन बायका, लिलाववाल्याचं तोंड बंद व्हायचं नाव नाही. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणाऱ्या बोटींना, भलतीच घाई, कारण आपल्या राज्यात पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच परवानगी, महिना संपला की जाळी वर. अशा एका बोटीवर जाळं ओढायला पंचवीस-तीस माणसं लागतात आणि त्यातली बरीच नेपाळी. ज्या देशाला समुद्रच नाही तिथली माणसं आमच्या ताटातला बांगडा काढून आणतात.

दादाच्या ओळखीचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, भेटला, मला म्हणाला, "ताई, हे लोक नसते ना तर निम्म्या बोटी किनाऱ्याला सडल्या असत्या. आमची पोरं कुठं येतात आता, मुंबईला नायतर गल्फला." ऑगस्टमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठते त्याच्या आधीच उचल द्यावी लागते, तेव्हा कुठे टोळ्या येतात. व्हिसा नाही, वर्क परमिट नाही, नागरिकतेचा कागद खिशात घातला की झालं. हे सगळं 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारावर चाललंय. एकमेकांच्या नागरिकांना राहायला, काम करायला, धंदा करायला मोकळीक, आणि साडेसतराशे किलोमीटरची सीमा उघडी. या करारावर नेपाळात पोटभर टीका होते, आपल्याकडे फारशी कुणाला माहिती नसते, पण मिरकरवाड्याचं अर्धं अर्थकारण त्यावर उभं आहे बघा.

एक खलाशी जेट्टीवर जाळं सांधत बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताणलेली, उजव्या हातात प्लॅस्टिकची चपटी सुई, डाव्या हाताच्या दोन बोटांनी माप घेत घेत गाठ मारायचा आणि दातांनी दोरा तोडायचा, बोलताना सुद्धा हात थांबत नव्हता. कैलाली जिल्ह्यातला. सप्टेंबरचं विचारलं तर म्हणाला, "दीदी, पहले तो घर का फोन ही बंद हो गया." तिकडच्या सरकारनं नोंदणी केली नाही म्हणून 4 सप्टेंबरला सव्वीस सोशल मीडिया बंद केले, फेसबुक, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपसुद्धा. आपल्या चॅनेलवाल्यांनी पोरांना इन्स्टाग्राम नाही म्हणून पोरं चिडली असं दाखवलं, पण ज्या घरातला माणूस रत्नागिरीत किंवा कतारमध्ये आहे त्या घराला व्हॉट्सॲप बंद म्हणजे घरधन्याचा आवाज बंद. नंतर त्याची बोट बाहेर गेली, रेंज गेली. परत आला तर पंतप्रधान ओलींचं सरकारच गायब! 8 तारखेला पहिल्याच दिवशी 19 जण गोळीबारात गेले, 9 ला पंतप्रधानांचा राजीनामा, संसद आणि सिंहदरबार जळाला, एकूण मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला. 12 ला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि शिकल्या कुठे तर आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात. निवडणूक लावली 5 मार्च 2026.

मी विचारलं, मग मत द्यायला जाणार ना? तो हसला. "वोट तो देना है, पर इधर से कैसे देंगे?" बाहेरदेशी असलेल्या नेपाळ्यांना मतदानाची सोय करा असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच सरकारला सांगितलंय, पण अजून सोय नाही. म्हणजे मत द्यायचं तर गावी जा. आणि देशाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तरी या बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशावर! दादाला मी हे तावातावाने सांगत होते तर तो म्हणाला आपले मुंबईकर चाकरमानी पण मतदानाला एसटी भरभरून येतातच की गावाला. हो, पण सावंतवाडीला जायला रात्र पुरते, कैलालीला नाही पुरत.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चक्कर, रात्री सुरमई. लिहिण्यासारखं काही नाही, सुरमई मात्र उत्तम होती.

शनिवार, रत्नागिरीच

दादाला औषधांच्या दुकानात आणि बँकेत कामं होती म्हणून मी एकटीच थिबा पॅलेसला गेले. शाळेच्या सहलीत बघितलेला, तेव्हा लक्षात राहिली ती फक्त पुढची मोकळी जागा आणि मार. आता नीट बघितला. जांभ्याचं आणि लाल विटांचं काम, तीन मजली, खिडक्यांच्या अर्धगोल कमानीत सागाचं लाकूड, मागच्या बाजूला गेलं की खाली खाडी आणि लांबवर समुद्र. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला नेला आणि 1886 मध्ये इथे रत्नागिरीत आणून ठेवला. का, तर तेव्हा इथे रेल्वे नाही, रस्ता धड नाही, राजा पळून जाणार कुठे! तीस वर्षं इथे काढली, हा राजवाडा तर त्याला शेवटची पाचसहा वर्षंच मिळाला, 1916 च्या डिसेंबरात इथेच गेला. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू इथेच वाढली, इथलीच झाली. आणि याच काळात रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. राजा इकडे आणि लोकमान्य तिकडे, सरकारचा हिशोब पक्का.

पण मला थिबापेक्षा दुसऱ्याच एका पाहुण्याचं कुतूहल होतं. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीला आणि राजवाड्याला भेट देऊन गेले. मी समाधीपाशी पण गेले, आजूबाजूला वस्ती, शोधावीच लागते. थेन सेन म्हणजे लष्करातलेच, पण त्यांच्याच काळात तिथे कैदी सुटले, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप गेली, आँग सान सू ची पोटनिवडणुकीतून संसदेत आल्या. तेव्हा वाटत होतं की झालं, म्यानमार मार्गी लागला. त्याच 2012 च्या मे महिन्यात मनमोहन सिंग तिथे गेले होते, पंचवीस वर्षांत गेलेले पहिले भारतीय पंतप्रधान, 50 कोटी डॉलरचं कर्ज जाहीर केलं, रस्ते, बस, सीमेवरचे बाजार असे बरेच करार केले.

यात आपलं वागणं एकसारखं कधीच नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. 1988 च्या उठावात आपण उघड लोकशाहीवाल्यांच्या बाजूने, सू चींना पुरस्कार दिला, त्या दिल्लीत कॉलेजला होत्या त्याचं कौतुक. मग नव्वदीत कुणाच्या तरी लक्षात आलं की सोळाशे किलोमीटरची सीमा आहे, पलीकडे अतिरेक्यांचे तळ, चीन तिथे रस्ते बांधतोय, आणि आपण फक्त भाषणं देतोय. मग लष्कराशीच जुळवून घेतलं. कलादान प्रकल्प 2008 चा, कलकत्त्याहून जहाजाने सितवे बंदर, तिथून नदीने वर पलेतवा आणि मग रस्त्याने मिझोराम. सितवे बंदरात पहिलं मालवाहू जहाज गेलं मे 2023 मध्ये, पंधरा वर्षांनी! तोपर्यंत 1 फेब्रुवारी 2021 ला लष्करानं परत सगळं ताब्यात घेतलं होतं. 2024 च्या जानेवारीत पलेतवा आराकान आर्मी या बंडखोर सेनेकडे गेलं, म्हणजे आता रस्ता पुरा करायचा तर बोलायचं कुणाशी हाच प्रश्न.

आता या 28 डिसेंबरला तिथे पण मतदान सुरू होतंय, टप्प्याटप्प्याने. सू चींचा पक्ष 2023 मध्येच बरखास्त केलाय, त्या स्वतः तुरुंगात, निम्म्या मुलखात लढाई. याला निवडणूक म्हणायचं तर म्हणा. मला विचाराल तर 2012 ला आपण जे दिलं त्यात चूक नव्हती, उशीर होता. लोकांच्या हाताला काम, बाजार, रस्ता असं काहीतरी त्या आठ-नऊ वर्षांत उभं राहिलं असतं तर लष्कराला एवढ्या सहज सगळं गुंडाळता आलं असतं का, सांगता येत नाही, पण थोडं जड तरी गेलं असतं.

दुपारी खानावळीत जेवताना वरणाची वाटी समोर आली तेव्हा आठवलं, यातली तूर कदाचित तिथलीच. 2021 मध्ये आपण म्यानमारशी करार केला, पाच वर्षं दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेणार म्हणून. सत्तापालट झाला त्याच वर्षी. तिथल्या शेतकऱ्याला आपण घेतलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक नाही, कारण तूर खाणारे आपणच, आणि आपल्याला स्वस्त वरण पाहिजे. तर हे बंद करून लोकशाही येईल असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. बंदुका विकू नका, विमानांचे सुटे भाग देऊ नका, तूर घ्या.

रविवार, पावस ते गावखडी

सकाळी भाट्ये पूल ओलांडून सागरी रस्त्याने निघालो. हा रस्ता मला नॅशनल हायवेपेक्षा शंभरदा आवडतो. पावसला स्वामींचं दर्शन, मग पूर्णगडचा पूल, खाली मुचकुंदीची खाडी, किल्ला छोटासाच पण वरून दिसतं ते बघत बसावं असं. दादाला बसवत नाही, "चल, फवारणी सुरू असेल."

गावखडीच्या वर सड्यावर बाग. यंदा सहापैकी पाच गुरखे आलेत, दादाच्या जिवात जीव. खोपीत एकाची बायको पण आलेली, चुलीवर भात आणि लसणाची खमंग फोडणी. थंडी बरी पडली म्हणून मोहोर चांगला आहे पण तुडतुड्याची कीड दिसायला लागलीये, त्यामुळे पंप सुरू. दोघं पाईप ओढणारे, एक नळी घेऊन झाडाखाली गोल फिरणारा, तोंडाला ओला पंचा. औषधाचा वास सड्यावर दूरवर येतो. यातला मुख्य माणूस, वय साठीकडे, दादा त्याला दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणतो आणि तो दादाला सेठ. तो आंब्याच्या बागेत येतोय तेव्हापासून त्यांच्याकडे राजा होता, मग माओवाद्यांची लढाई, मग राजा गेला, मग नवी राज्यघटना, आणि आता हे. दर हंगामाला घरी गेलं की सरकार वेगळं.

याच्याकडून ऐकताना मी मनातल्या मनात सनावळी जुळवत होते. 1996 ते 2006 लढाई, सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली. 1 फेब्रुवारी 2005 ला राजा ज्ञानेंद्रनं सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, पुढाऱ्यांना घरात कोंडलं, फोन तोडले. भारतानं तेव्हा शस्त्रपुरवठा थांबवला. पण खरं काम झालं ते गुपचूप. नेपाळचे सात पक्ष आणि भूमिगत माओवादी, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर बक्षिसं होती असे लोक, दिल्लीत बसले आणि 22 नोव्हेंबर 2005 ला बारा कलमी समझोता झाला. सीताराम येचुरी, आपल्या राष्ट्रवादीचे डी. पी. त्रिपाठी असे लोक मध्ये बोलणी करत होते, सरकारनं बघून न बघितल्यासारखं केलं. नंतर 2006 च्या एप्रिलमध्ये एकोणीस दिवस आंदोलन, राजा झुकला, नोव्हेंबरात शांतता करार, 2008 च्या एप्रिलमध्ये संविधान सभेची निवडणूक, 28 मे 2008 ला राजेशाही संपली. दाजू सांगत होता, लढाईच्या वर्षांत गावात तरुण ठेवायचेच नाहीत, रात्री माओवादी येऊन जेवण मागणार आणि दिवसा सैन्य येऊन विचारणार जेवण कुणाला दिलं. म्हणून बापानं त्याला इकडे पाठवला. म्हणजे नेपाळातली लोकशाही उभी राहीपर्यंत ती माणसं कुठेतरी जिवंत राहायला पाहिजेत ना, ती इथे कोकणात, मुंबईच्या वॉचमनच्या केबिनीत, दिल्लीच्या ढाब्यांत राहिली. सरकारी मदतीच्या कुठल्याही यादीत हे येत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी मदत हीच.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा कुठला? 2015. एप्रिलमध्ये भूकंप, आपली विमानं पहिली पोचली, पुढे शंभर कोटी डॉलरची मदत जाहीर केली. आणि 20 सप्टेंबरला नेपाळची राज्यघटना जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी आपले परराष्ट्र सचिव, तेव्हाचे जयशंकर, काठमांडूला, की मधेशी, म्हणजे भारताला लागून असलेल्या तराईतल्या, लोकांचं ऐका, घाई नको. मधेशींची तक्रार खोटी नव्हती बरं का, पण घटना जाहीर झाली आणि सीमेवरच्या रक्सौलला ट्रक अडकले ते पार फेब्रुवारीपर्यंत. दिल्ली म्हणाली ही नाकाबंदी नाही, पलीकडे आंदोलन आहे म्हणून ड्रायव्हर जात नाहीत. नेपाळात मात्र एक माणूस हे मानायला तयार नाही. दाजूला विचारलं तर पंप बंद करून म्हणाला, "गॅस नहीं था दीदी, भूकंप में घर गिरा, ऊपर से गॅस नहीं." त्याचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं नाही, पडलं ते मुलीच्या सासरचं घर. या एका हिवाळ्यात आपण साठ-पासष्ट वर्षांचं पुण्य खर्च केलं आणि ओली भारताला ठणकावणारा नेता म्हणून 2017 ला जोरात निवडून आले. ज्याला धडा शिकवायचा होता त्यालाच खुर्ची मिळवून दिली. 1989 ला पण असंच झालं होतं, व्यापार आणि पारगमनाचे करार संपले आणि आपण सीमेवरची दोनच नाकी उघडी ठेवली.

त्यानंतर जे केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. 2019 च्या सप्टेंबरात बिहारातल्या मोतिहारीपासून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची पेट्रोलियम पाईपलाईन सुरू झाली, म्हणजे डिझेल ट्रकमधून जात नाही, ड्रायव्हरची भीती वगैरे प्रश्नच नाही. 2022 ला जयनगर-कुर्था रेल्वे. आणि मुख्य म्हणजे वीज. 2021 पासून नेपाळ आपल्या बाजारात वीज विकतो, जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घ्यायचं ठरलं, आणि नोव्हेंबर 2024 ला पहिल्यांदा आपल्या तारांवरून त्यांची 40 मेगावॉट वीज बांगलादेशला गेली. पावसाळ्यात ते विकतात, थंडीत नद्या आटल्या की ते आपल्याकडून घेतात. काठमांडूत खुर्चीवर कुणीही बसो, महिन्याचं बिल दोन्हीकडून येणार. देशाला देशाशी बांधायचं तर असं बांधावं, की भांडण झालं तरी कुणाला वायर तोडायचं धाडस होऊ नये.

रात्री खोपीत हिशोबाची वही निघाली. दादा आता पगार खात्यात टाकतो, दाजूची उचल, किराणा, सगळं वजा करून. पैसे घरी पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्ये काढलीये, इथल्या बँकेतून थेट नेपाळात, 2021 ला मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाख केली. पण दाजूच्या बागेतले दोघं अजून रोखच नेतात, आणि त्यात इतकी वर्षं शंभरच्याच नोटा, कारण 2018 च्या डिसेंबरात नेपाळनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि त्याच्या आधी आपल्या नोटाबंदीत तिकडच्या घराघरांत पाचशे-हजारच्या नोटा अडकल्या त्या अडकल्याच. म्हणून सहा महिन्यांची कमाई शंभरच्या गड्ड्यांत, पोटाला बांधून, ट्रेनच्या जनरल डब्यातून जायची. बँकेत गेलं तर काउंटरवर कागद मागतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या खिडकीवर पाठवतात, असं त्या पोरांचं म्हणणं. मैत्रीच्या शिखर बैठका झाल्या की कुणीतरी या काउंटरवर पण यावं.

सोमवार, नाटे, विजयदुर्ग, देवगड

कशेळी, आडिवऱ्याची महाकाली, नाटे, हा सगळा राजापूर तालुका. इथून जाताना दादाचे वडील, म्हणजे माझे काका, कायम दंडवत्यांची आठवण काढायचे. मधू दंडवते राजापूरचे खासदार, 1971 पासून सलग पाच वेळा, कोकण रेल्वेचं श्रेय लोक त्यांना देतात ते योग्यच आहे. पण आपल्या विषयातही ते येतात. समाजवादी मंडळींचं आणि नेपाळी काँग्रेसचं नातं बेचाळीसच्या चळवळीपासूनचं, तिचे नेते बी. पी. कोईराला तेव्हा आपल्याच तुरुंगात होते. 1990 ला नेपाळात पक्षांवरची बंदी उठवा म्हणून आंदोलन सुरू होतंय तर काठमांडूत नेपाळी काँग्रेसच्या जाहीर बैठकीला चंद्रशेखर जाऊन भाषण करून आले. आणि जून 1990 मध्ये तिथल्या नव्या लोकशाही सरकारशी व्यापार परत सुरळीत केला तो व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं, ज्यात दंडवते अर्थमंत्री. लोकशाही आल्याबरोबर मालाच्या गाड्या सोडल्या, दोन महिन्यांत. हेच 2012 नंतर म्यानमारला इतक्या झटकन का जमलं नाही असं मी म्हटलं तर दादा म्हणाला तू जीपमधून उतर आणि निवडणुकीला उभी राहा.

जैतापूरचा पूल, मग विजयदुर्ग. किल्ल्यात शिरलो, ऊन फार होतं, लवकर निघालो. वाघोटणच्या खाडीवर वाऱ्याला बसून शहाळं प्यायलो.

देवगडच्या बागेत पोचेस्तोवर चार वाजले. मालकीण काकी मालवणीत खेकसल्या, "खंय होतास रे इतको येळ, पेज कधीची थंड झाली." इथली टोळी मोठी, बाप-लेक दोघं एकत्र. मुलगा एकोणीस वर्षांचा, आछाम जिल्ह्यातला. आणि इथे तो विषय निघाला जो मिरकरवाड्यापासून माझ्या डोक्यात होता. मी काढला नाही, बापानेच काढला. मार्चमध्ये मुलाला पंधरा दिवस सोडा, पहिलं मत आहे, नाव यादीत आहे, नागरिकता काढली तेव्हाच घातलं. स्वतः बाप नाही जाणार, "हमने बहुत सरकार देखा, इसको देखने दो."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. मार्चमध्ये पहिल्या पेट्या वाशीला जातात, दर तेव्हाच असतो, एक एक माणूस मोलाचा. त्यात यंदा होळी मार्चच्या सुरुवातीलाच, म्हणजे 5 तारखेला आपल्याकडे ऐन शिमगा, पालख्या घरोघर फिरणार, गावचा एक पोरगा बागेत मिळणार नाही. काकी मध्येच म्हणाल्या, "शिमग्याक आमचे झिल सगळे कामधंदो टाकून मुंबयसून येतत, तेंका कोण इचारता?" दादा गप्प.

मग बसून हिशोब मांडला. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीची बस बनबसा, पूल ओलांडून महेंद्रनगर, पुढे डोंगरात एक दिवस, त्यानंतर पायी. मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस दोन्हीकडून सीमा बंद ठेवतात, 2022 च्या निवडणुकीतही ठेवली होती, म्हणजे 1 मार्चच्या आत पलीकडे पोचलाच पाहिजे. म्हणजे इथून 25 फेब्रुवारीला निघणं आलं. येताना होळी करून परतणाऱ्या यूपी-बिहारच्या गर्दीत सीट मिळणं मुश्किल. मुलगा मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलेला, बोलत काही नव्हता. कुणाला मत देणार विचारलं तर म्हणाला अजून उमेदवारच ठरले नाहीत, आधी बघेन. बरं वाटलं ऐकून, आमच्याकडे तर उमेदवार ठरायच्या आधी मत ठरलेलं असतं.

शेवटी तोडगा असा निघाला: दादा पंधरा दिवसांची मजुरी कापणार नाही, जायचं तिकीट दादाचं, यायचं त्याचं, आणि त्याच्या जागी दापोलीहून चुलतभावाला बोलवून ठेवायची जबाबदारी बापाची. काकींनी वर फोडणी दिली की पोराने येताना तिकडचा तिमूर (तिरफळासारखा मसाला) आणायचा, मागच्या वर्षीचा संपला. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे 25 फेब्रुवारीचं तिकीट 27 डिसेंबरला सकाळी आठ वाजता. दादाच्या मोबाईलला बागेत रेंज नसते, म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. पोराचं नाव, वय, नागरिकतेचा फोटो घेऊन ठेवलाय आणि अलार्म पावणेआठचा लावलाय.